सुखरूप सुटली!

गेल्या श्रावणात कामरेजला माझ्या भाचीचे डोहाळजेवण झाले. आमच्या बडोद्याच्या मंडळींची झोपाळ्याची आणि फुलांच्या वाडीची हौस एकीकडे, आणि तिच्या इमारतीतील काठेवाडी शेजारणींचा खोळो भरण्याचा आग्रह दुसरीकडे. दोन्ही यथासांग पार पडले. जेवणे झाली, पाने उचलली गेली आणि बायका पंख्याखाली पाय पसरून बसल्या. मग गोष्टी निघाल्या. कोणाची नणंद दोन दिवस अडली होती, कोणाच्या जावेला रक्त चढवावे लागले होते, कोणाच्या मामेबहिणीचे मूल पायाळू होते आणि डॉक्टर नेमके गावाला गेलेले. प्रत्येक गोष्टीची सुरुवात एकाच वाक्याने होत होती : ‘तुला घाबरवायचं म्हणून नव्हे हं, पण...’

मी शेजारच्या खोलीत तंबोऱ्याला गवसणी घालीत होतो. दार उघडे होते. हिरव्या साडीतल्या त्या मुलीचा चेहरा मला समोर दिसत होता, आणि तो गोष्टीगणिक उतरत चालला होता.

रात्री ती गच्चीत येऊन उभी राहिली. खाली महामार्गावरच्या गाड्यांची रांग संपता संपत नव्हती. म्हणाली, “मामा, मला झोप लागत नाही. डॉक्टरांना सांगून आपण तारीखच घेऊन टाकावी असं वाटतं. कळा नकोतच.” ही मुलगी वयाच्या सातव्या वर्षापासून माझ्याकडे गाणे शिकलेली. पंधरा दिवस तिने तंबोऱ्याला हात लावला नव्हता, हे मला त्याच दिवशी कळले. मी काय उत्तर देणार? ‘सगळं छान होईल’ असे काहीतरी पुटपुटलो. तिने मान डोलावली, पण ती माझ्या समाधानासाठी.

परत येताना गाडीत मी हिशेब केला. त्या दुपारी त्या खोलीत अकरा बायका होत्या. त्यांची मुले मोजली तर चोवीस भरली. चोवीसही हयात, त्यांतली सात-आठ तर त्याच घरात श्रीखंडाच्या वाट्या चाटीत फिरत होती. म्हणजे चोवीस बाळंतपणे सुखरूप झालेली होती, आणि त्यांपैकी एकीचीही हकीकत कोणी सांगितली नाही. सांगितल्या त्या सगळ्या बाहेरच्या, ऐकीव आणि भयंकर. यात त्या बायकांचा काही दुष्ट हेतू होता असे नाही. मैफल बिघडली की तिची चर्चा महिनाभर चालते. चांगली झाली तर लोक ‘वा’ म्हणून घरी जातात. मग मी ठरविले की आपण चांगल्या हकीकती गोळा करावयाच्या आणि त्या मुलीला ऐकवावयाच्या. पुरुषाने असल्या विषयात तोंड घालू नये, ही आमच्या घरची जुनी रीत. पण ताई आणि माझी पत्नी यांनी मदत केली. आधी बायका हसल्या. नंतर मात्र एकेक जण तासतासभर बोलू लागली.

*

पहिली हकीकत मला कोणाकडे मागावी लागली नाही. ती आजीची, आणि ती कामरेजचीच.

आजच्या कामरेजच्या चौकडीवर उभे राहिले तर खरे वाटणार नाही, पण गायकवाडीत कामरेज हा नवसारी प्रांतातला तालुका होता. तापीकाठचे शांत गाव. शेते, ताडी-खजुरीची झाडे आणि महालाची कचेरी. त्या कचेरीत आजीचे वडील कारकून होते. 1949 साली राज्य विलीन झाले आणि आमच्यासारख्या घरांचा त्या गावाशी असलेला संबंध तुटला तो तुटलाच. भाचीच्या नवऱ्याची नोकरी सुरतेला लागली नसती तर मी तरी तेथे कशाला गेलो असतो?

माझे आजोबा आणि वडील दोघेही दरबारचे तबलजी. वडील अकराव्या वर्षी आजोबांच्या मागे बसून वाड्यात वाजवू लागले, आणि राज्य गेल्यावरही सणासमारंभाचे वाड्यावरचे बोलावणे त्यांना कितीतरी वर्षे येत होते. त्या वडिलांचा जन्म 1936 सालचा, कामरेजचा. पहिले बाळंतपण माहेरी, या नियमाने आजी बडोद्याहून तेथे गेली होती. वय एकोणीस.

येथे एक गोष्ट लपविली तर ही हकीकत खोटी होईल. दोन वर्षांपूर्वी त्याच घरात, माजघरालगतच्या त्याच अंधाऱ्या खोलीत, आजीची थोरली बहीण बाळंत झाली होती आणि नवव्या दिवशी बाळंतरोगाने गेली होती. आजीला ती खोली पाहिली की कापरे भरे. तिची भीती कल्पनेतली नव्हती. तिने ती डोळ्यांनी पाहिली होती.

गावची दायण त्या वेळी साठीची होती. वेणा सुरू झाल्या तेव्हा तिने पहिली गोष्ट केली ती ही, की त्या खोलीत जाण्यास साफ नकार दिला. ‘छोकरीला उजेड पाहिजे’ म्हणाली. मागच्या पडवीला साड्यांचे पडदे लावून तिथेच बाज टाकली. दुसरी गोष्ट, तिने चुलीवर पाण्याचे हंडे चढविले आणि नाळेचा दोरा, पाते, फडकी सारे त्यात उकळून काढले. स्वतःचे हात कोपरापर्यंत साबणाने तीनदा धुतले. हे तिला सुरतेच्या एका परिचारिकेने शिकविले होते, आणि थोरल्या बहिणीच्या वेळी ती बाहेरगावी असल्यामुळे दुसरीच कोणी आली होती, हे आजीला पुढे समजले.

रात्रभर तिने आजीला निजू दिले नाही. पडवीतून फिरविले, खांबाला धरून उभे केले, कंबर चोळली, मध्येच गुळाचे पाणी पाजले. आणि प्रत्येक कळ आली की कानाशी एकच वाक्य : ‘आवे छे तेम जाय पण छे.’ येते तशी जातेही. आजी म्हणे, “मी कळा मोजणं सोडून दिलं आणि त्या जाण्याचीच वाट पाहायला लागले. जायच्या खऱ्याच!” पहाटे तापीवरचा वारा सुटला तेव्हा वडील जन्मले. आजीने मागितले काय, तर गरम राब. वाटीभर प्याली आणि झोपली. पुढे तिला आणखी चार मुले झाली, पण सांगताना ती नेहमी याच बाळंतपणाची हकीकत सांगे, आणि हसत सांगे. मी वीस वर्षांचा होईपर्यंत ती मी निदान पन्नासदा ऐकली असेल.

*

सुरतेच्या ‘डाक्तरीणबाई’ची गोष्टही मी प्रथम आजीकडूनच ऐकली. ती बाई म्हणजे डॉ. रखमाबाई. मराठी वाचकांना त्या ठाऊक असतात त्या खटल्यामुळे. अकराव्या वर्षी लागलेले लग्न त्यांनी नाकारले, नवऱ्याने कोर्टात खेचले, 1887 साली न्यायमूर्ती फॅरन यांनी ‘नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद’ असा निकाल दिला, आणि बाईंनी ‘मग कैदच’ असे उत्तर दिले. प्रकरण पुढे तडजोडीने मिटले. पण त्यानंतरचे आयुष्य आपण विसरतो. त्या विलायतेस गेल्या, 1894 साली डॉक्टर झाल्या आणि 1895 साली येऊन बसल्या कोठे, तर सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात. तेथे वीसांहून अधिक वर्षे, मग राजकोटला. गुजरातेतल्या लेकीसुनांची बाळंतपणे करण्यातच या मुंबईकर मराठी बाईचे सारे उमेदीचे आयुष्य गेले. 1955 साली त्या वारल्या, तेव्हा त्यांना नव्वद वर्षे पुरी झाली होती.

त्यांच्याविषयी सांगतात ती गोष्ट अशी. बाळंतपणाला दवाखान्यात कोणी येईना. दवाखाना म्हणजे मरायला जाण्याची जागा, अशी समजूत. बाईंनी व्याख्यान दिले नाही की रागावल्या नाहीत. एक गाभण शेळी आणून दवाखान्यात बांधली. शेळी तिथे व्याली. आई आणि करडे ठणठणीत. येणाऱ्याजाणाऱ्या बायकांनी ते पाहिले. जेथे शेळी सुखरूप सुटते तेथे आपण का नाही, असे त्यांना वाटले आणि पावले वळू लागली.

मी ही गोष्ट भाचीला फोनवर सांगितली, तेव्हा कित्येक दिवसांनी ती मोठ्याने हसली. “म्हणजे मामा, तू माझी शेळी शोधतो आहेस!” म्हणाली. होय, तेच करीत होतो.

रखमाबाईंच्या आधी आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून वैद्यक शिकण्याचा निश्चय झाला, आणि 1886 साली फिलाडेल्फियाला पदवी घेताना त्यांनी प्रबंध लिहिला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच. दोघींनाही बालविवाहाचा चटका बसलेला. आपल्या बडोदे राज्याने बालविवाहाला आळा घालणारा कायदा 1904 साली केला, याचाही बाळंतिणींच्या आयुष्याशी किती जवळचा संबंध आहे हे आपण क्वचितच ध्यानात घेतो. चौदा वर्षांच्या मुलीचे बाळंतपण आणि सव्वीस वर्षांच्या मुलीचे बाळंतपण या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत.

*

नुसत्या गोष्टींनी भाचीचे समाधान होणार नाही हे मला ठाऊक होते. ती हिशेबनीस आहे. तिने आकडे मागितले. म्हणून तेही पाहिले. सरकारी नमुना नोंदणीप्रमाणे 2004 ते 2006 या काळात गुजरातेत दर एक लाख जन्मांमागे 160 माता दगावत असत. 2018 ते 2020 मध्ये हा आकडा 57 वर आला. महाराष्ट्रात तर 33 वर. लाखात सत्तावन्न हाही काही थोडा आकडा नव्हे, ज्या घरात घडते त्या घराला तो पुरता असतो. पण दुसऱ्या अंगाने पाहा : लाखातल्या नव्व्याण्णव हजार नऊशेहून अधिक जणी घरी येतात.

हे घडले कशामुळे? चमत्काराने नव्हे. 1847 साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टराच्या लक्षात आले की सुइणींच्या विभागापेक्षा डॉक्टरांच्या विभागात बाळंतरोगाने अधिक बायका मरतात, कारण डॉक्टर मंडळी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणीकडे येत. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने उतरले. लोकांनी त्याला वेड्यात काढले ते निराळे. पुढे जंतुनाशके आली, रक्त साठवून देण्याची सोय आली, बाळंत झाल्याबरोबर द्यावयाचे रक्तस्राव आवरणारे इंजेक्शन आले, पेनिसिलीन आले, आणि जरूर पडेल तेव्हा पोट उघडून मूल काढण्याची शस्त्रक्रिया निर्धोक झाली. शिवाय बायका दवाखान्यात येऊ लागल्या. 1992–93 च्या पाहणीत देशातली सुमारे चारांत एक प्रसूती दवाखान्यात होत असे. 2019–21 च्या पाहणीत गुजरातेत शंभरांत चौऱ्याण्णव. आजीच्या थोरल्या बहिणीला ज्या तापाने नेले तो आज बहुधा आठवड्यात औषधाने बरा झाला असता. हे लिहिताना मला बरे वाटते आणि वाईटही.

*

आता स्वतःच्या घरचे. आमच्या पहिल्या मुलाच्या वेळी पत्नीला ज्या ठिकाणी नेले तेथे तिला एकटीला आत घेतले, मला बाकावर बसविले, आणि सहा तास कोणी एक शब्द सांगितला नाही. आत ती ओरडली तेव्हा ‘एवढा कसला तमाशा’ असे तिला सुनावण्यात आले. मूल छान झाले, ती बरी राहिली. कागदावर सारे ठीक. पण कित्येक वर्षे ती त्या दिवसाविषयी बोलत नसे. ‘वेदना विसरले, ते वाक्य नाही विसरले,’ असे ती परवा प्रथमच म्हणाली.

दुसऱ्या खेपेस जागा बदलली. तेथील डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना आत येऊ दिले. सासूबाई काही करीत नव्हत्या. नुसता हात धरून बसल्या आणि मधूनमधून भाजीचे भाव, शेजारणीच्या सुनेचा थाट असे काहीबाही बोलत राहिल्या. पत्नी म्हणते, “मला तेच हवं होतं. जग चालू आहे, हे कळत होतं.” त्याच बाळंतपणाची हकीकत तिने भाचीला सांगितली, आणि मी ऐकत असूनही सगळी सांगितली.

आपल्या माणसाची सोबत ही लाड पुरविण्याची गोष्ट नव्हे. केंद्र सरकारने 2016 सालीच प्रसूतीच्या वेळी सोबतीण असावी अशी सूचना सरकारी दवाखान्यांना दिलेली आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शनातही ती आहे. सोबत असली की प्रसूती अधिक सुरळीत होते असे तपासांती दिसून आले आहे. त्याच मार्गदर्शनात, बाईने फिरावे, उभे राहावे, हवे तसे बसावे, असेही सांगितले आहे. कामरेजच्या त्या दायणीला हे सांगावे लागले नव्हते! तेव्हा ज्या दवाखान्यात नाव घातले असेल तेथे आधीच विचारून ठेवावे : आत कोणाला येऊ द्याल? विचारण्यात संकोच कसला?

इंग्लंडात ग्रँटली डिक-रीड नावाचे एक डॉक्टर होते. तरुणपणी ते लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत एका बाळंतपणाला गेले आणि त्यांनी बाईपुढे क्लोरोफॉर्म धरला. बाईने नको म्हटले. तिला त्याची गरजच वाटली नव्हती. डॉक्टर विचारात पडले. भीतीने शरीर ताठरते, ताठरल्याने वेदना वाढते, वेदनेने पुन्हा भीती, असे चक्र त्यांनी मांडले आणि 1942 साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे येथवर मला पटते. गळा आवळून गाणाऱ्याचा स्वर चढत नाही, हे मी रोज पाहतो. पण यातून कोणी असा अर्थ काढू लागले की जिला दुखले तिचीच काही चूक, तर ते मला मान्य नाही. दुखते म्हणजे दुखतेच. व्हिक्टोरिया राणीने 1853 साली राजपुत्र लिओपोल्डच्या वेळी क्लोरोफॉर्म घेतला होता. राणीला चालते तर आमच्या मुलींनी पाठीत घेण्याचे वेदनाशामक इंजेक्शन मागितले तर नाक का मुरडावे?

मला जे माझ्या धंद्यामुळे उमगले ते भाचीला सांगितले. वेणा ही अखंड चालणारी गोष्ट नाही. तिला आवर्तन आहे. कळ चढते, टिपेला जाते, ओसरते, आणि मध्ये खाली जागा असते. प्रसूती रंगात आली तरी एकेक कळ साधारण मिनिटभराची, आणि मधली विश्रांती बहुतेक वेळा त्याहून मोठी. नवा विद्यार्थी खालीची जागा फुकट घालवितो. तेवढ्यात पुढच्या समेची धास्ती घेतो. जाणता गवई तेथे श्वास घेतो. पहिलटकरणीला खरा जोर धरल्यापासून बारा तासांपर्यंत लागू शकतात, आणि त्याआधीची मंद सुरुवात तर कितीही रेंगाळते. तेव्हा विलंबित लयीला घाबरून जाऊ नये. दायणीचे ते वाक्य मी तिला वहीत लिहावयास लावले. आणि तंबोरा काढावयास लावला. गाणे नको, नुसता षड्ज. सावकाश, लांब सोडलेला. साधारण सहाव्या महिन्यापासून पोटातले मूल आवाजाला प्रतिसाद देऊ लागते, हेही सांगितले. त्यावर तिने दुसऱ्या दिवशी निरोप पाठविला, ‘षड्ज लावला की लाथ मारतो. तुझ्याच घराण्याचा दिसत नाही.’

*

गोळा केलेल्या हकीकतींपैकी आणखी दोनच सांगतो. बाकीच्या घरच्या घरी राहू देत.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे बाळंतपण पोट उघडून झाले. चौदा तास कळा काढल्यावर मुलाचे ठोके मंदावू लागले आणि डॉक्टरांनी अर्ध्या तासात निर्णय घेतला. नंतर भेटायला येणाऱ्यांनी ‘अरेरे, सीझर का?’ असे सुस्कारे टाकले. ती म्हणाली, “सर, मला कोणी अरेरे म्हणायची गरज नव्हती. मी पडद्याच्या अलीकडे जागी होते, मुलगी रडली ते ऐकलं, आणि तिचा गाल माझ्या गालाला लावला. माझं बाळंतपण छानच झालं.” आमच्या जुन्या भाषेत बाळंत होण्याला ‘सुटली’ म्हणत. कशी सुटली हा प्रश्न नसे. हा शब्द मला फार आवडतो. उलट, शस्त्रक्रियेचे काही कारण नसताना मुहूर्त पाहून तारीख घेण्याची जी चाल पडत चालली आहे, ती मला पसंत नाही. पण भीतीने रात्ररात्र जागणाऱ्या मुलीला त्यावरून बोल लावणे हे त्याहूनही नापसंत.

दुसरी हकीकत भाचीच्या घरी काम करणाऱ्या मावशींनी सांगितलेली. कामरेजच्या आसपास उसाचे मळे आहेत. दिवाळीनंतर तोडीसाठी डांगातून आणि खानदेशातून बिऱ्हाडे येतात. शेताच्या कडेला पाल ठोकून राहतात. मागच्या हंगामात मावशींच्या ओळखीची एक तोडकरीण रात्री दोन वाजता पालात अडखळली. मुकादमाने 108 ला फोन लावला. ही गाडी गुजरातेत 2007 पासून फिरते आहे. गाडी आली, निघाली, आणि दवाखाना गाठायच्या आतच मूल बाहेर आले. गाडीतल्या प्रशिक्षित माणसाने सारे नीट केले, मुलाला पुसून आईच्या छातीशी दिले, वर फडके गुंडाळले. बाई सकाळी दवाखान्यात बसून चहा मागत होती. तिच्याजवळ झोपाळा नव्हता, फुलांची वाडी नव्हती. वेळेवर आलेली गाडी आणि धुतलेले हात एवढे होते. मावशी सांगत होत्या आणि भाची जेवणाचे ताट तसेच ठेवून ऐकत होती, असे ताईने कळविले.

ताईची एक मैत्रीण परिचारिका होती, आता निवृत्त आहे. तिने मात्र मला दटावले. “गोडगोड लिहू नका. हेही लिहा, की अंगावर लाल जाऊ लागलं, डोकं सणसणून डोळ्यांपुढे अंधारी आली, हातापायांना एकाएकी सूज चढली, पाणमोट फुटली किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर सकाळची वाट पाहायची नाही. तडक निघायचं.” लिहिले आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे, ज्या बायका बिनघोर असतात त्यांना ही यादी पाठ असते.

*

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला ताईचा फोन आला. इतक्या वर्षांच्या गुजरातेतल्या वास्तव्यानंतरही ती त्या घटकेला आजीचाच शब्द बोलली : “सुटली रे!” मुलगा. अंगाने बारीक पण आवाज खणखणीत.

तारीख काही घेतली नव्हती. आठव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंशी बसून तिने सगळे प्रश्न विचारले. सोबतीला आईला आत घेऊ, इंजेक्शन हवे वाटले तर मागू, जरूर पडली तर शस्त्रक्रियेलाही तयार, असे ठरले आणि मग ती झोपू लागली. अकरा तास लागले. इंजेक्शन तिने सातव्या तासाला मागितले आणि घेतले.

मी दुसऱ्या दिवशी कामरेजला पोचलो तेव्हा ती उशाला टेकून बसली होती आणि ताई हळिवाची खीर घोटीत होती. इमारतीतल्या त्याच काठेवाडी शेजारणी आल्या होत्या. या खेपेस त्या आपापल्या बाळंतपणांच्या गोष्टी सांगत होत्या, आणि मला नवल वाटले, बहुतेक सगळ्या हसण्याच्या होत्या. एकीचे मूल नवरात्रात गरब्याहून परतताना झाले होते. एकीच्या नवऱ्याने घाबरून दवाखान्याऐवजी गाडी थेट सासरी नेली होती. श्रावणात या गोष्टी कोठे दडून बसल्या होत्या कोण जाणे.

बायका गेल्यावर मी भाचीला म्हटले, की हे सारे आता पेपरात लिहावे असा विचार आहे; तुझे काही सांगावयाचे आहे काय? तिने मुलाच्या टाळूवरून हात फिरवला. म्हणाली, “लिही. पण दायणीचं वाक्य माझ्या आवडीचं, ते आधी लिही. आणि मी शांतपणे षड्ज लावून बाळंत झाले असं काही लिहू नकोस. मी भरपूर ओरडले, आणि अजिबात सुरात नव्हते.”